ठकूचा चाटू

हिंगणडोहला जेवायला बसलात तर वाढणारी बाई आधी तुमचं नाव विचारील. नुसतं विचारून थांबणार नाही, त्या नावाने मोठ्याने हाक मारील, आणि तुम्ही 'ओ' दिलीत की मगच ताटात काही पडेल. पंगत दोनशेची असली तरी हा नेम आहे. वरण निवतं, पाहुणे हसतात, पण नेम चुकत नाही. आणि भांड्याच्या बुडाची खरवड या गावात कोणी खात नाही. ती नदीवर जाते.

हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांना घाटावरचे धोंडूनाना भोई याचं कारण सांगतात. समोर उथळ पाण्यात उंच पायांचे पांढरे पक्षी चालत असतात. चोच लांब, टोकाला चपटी. ती पाण्यात बुडवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहायची, हेच त्यांचं दिवसभराचं काम. पुस्तकात त्यांना चमचा म्हणतात, गावात चाटू. पिठाचा घाटा ढवळायचा लाकडी चाटू इथे प्रत्येक चुलीशी टांगलेला असतो, त्याचंच नाव. भांड्यावरून पाखराचं नाव पडलं, एवढंच पाहुण्यांना वाटतं. नाना म्हणतात, "वाटू द्या. आधी ऐकून तर घ्या."

फार मागे, असं सांगतात, लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. त्यातच पाटलाचा एकुलता मुलगा तापाने अंथरुणाला खिळला. पाटलीण अंबूबाई नवस बोलल्या की चाळीस दिवस घाटावर येईल त्याला जेवू घालीन. नवस मोठा, हात मात्र आखडता. माणशी एक चाटू जोंधळ्याचा घाटा.

वाढायला ठेवली ठकू. ती दुष्काळात वरच्या मुलखातून चालत आलेली, नवरा वाटेतच गेलेला, पदरात तीन लेकी. तिने आपल्या माणसांना झुकतं माप देऊ नये म्हणून अंबूबाईंनी तिला चाटूवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. नवस पुरा होईपर्यंत मुलींनी पंगतीत बसायचं नाही आणि ठकूने गावात त्यांचं नाव घ्यायचं नाही. शपथ मोडली तर पाटलाचा मुलगा जाईल आणि ते पाप ठकूच्या माथी. ठकूने शपथ घेतली, कारण जुन्या रिवाजाने खरवड वाढणारीची असते. तेवढ्यावर तिघी जगल्या असत्या.

मुली पलीकडच्या काठावर बाभळीखाली बसून असत. वाटेत गर्दीत हरवू नयेत म्हणून ठकूने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: मी नावाने हाक मारली की असाल तिथे उभ्या राहायचं.

खरवड निघे ती मूठभर. मुलींच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी ठकू ढवळताना चाटू वरवर फिरवू लागली. घाटा बुडाला लागे, खरवड जाड निघे. पण घाट्याला करपट वास यायला लागला आणि एकोणचाळिसाव्या दिवशी अंबूबाई स्वतः कढईपाशी येऊन बसल्या.

"देवाच्या अन्नात चोरी करतीस?"

"चोरी न्हाई, बाईसाहेब. करपलेलं हाय. वाढणारीचंच असतंय ते."

"आजपासनं ते नदीचं." असं म्हणून त्यांनी गड्याकडून कढई खरवडून घेतली आणि सगळी खरवड पायरीवरून पाण्यात टाकायला लावली.

पलीकडून मुलींनी ते पाहिलं. आईनेच आपल्यासाठी टाकलं असं त्यांना वाटलं असेल. तिघी हात धरून नदीत उतरल्या. पाणी गुडघाभर होतं, मोकळ्या हातांनी गाळ चाचपत त्या पुढे येऊ लागल्या. पण घाटाखाली डोह आहे, तो कुठल्याच दुष्काळात आटत नाही. ठकू तिथे रोज पाणी भरत होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

"शपथ आठव," अंबूबाई म्हणाल्या. "एकच दिस राहिलाय. नाव घेतलंस तर माझं पोर जाईल."

दुसरीचं पोर आपल्या जिभेने मरू नये म्हणून ठकू थबकली, म्हणे. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. पंगतीत पाऊणशे माणसं बसली होती. शपथ काही त्यांनी घेतली नव्हती, कोणीही ओरडू शकलं असतं. पण उद्याचा चाटू सगळ्यांनाच हवा होता. पोट कोणाला सुटलंय, असं गाव पुढे म्हणत राहिलं. नानांना ते पटत नाही.

थोरली आधी दिसेनाशी झाली. हात धरलेले होते, म्हणून तिघीही गेल्या.

ठकू चाटू घेऊन पाण्यात उतरली आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ढवळू लागली. या वेळी चाटू वरवर नाही, बुडाला लावून. हाताला काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळिसावी पंगत त्याच घाटावर बसली, दुसऱ्या बाईने वाढलं, लोक जेवले, आणि समोर ठकू पाणी ढवळतच होती. मुलाचा ताप उतरला, नवस फळला. देवाला हा नवस चालला कसा, हे नानांना अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्यात ठकू नव्हती. एक पांढरा पक्षी होता आणि त्याला चोचीच्या जागी चाटू. त्या पाखराला इथे कोणी ओरडताना ऐकलेलं नाही.

पाटलाचा मुलगा मोठा झाला. आपण कशावर जगलो, हे त्याला कोणीतरी सांगितलं. आपल्या लग्नाच्या पंगतीत त्याने स्वतः चाटू हातात घेतला आणि एकेकाला नावाने हाक मारून वाढलं. तेव्हापासूनचा हा नेम.

आजही पंगत उठली की वाढणारी बाई खरवड घेऊन डोहाच्या पायरीवर जाते. सगळ्यांना हाका मारून तिचा घसा बसलेला असतो. खरवड ती पाण्यात सोडते आणि पलीकडच्या काठाकडे पाहून हाक मारायला तोंड उघडते. पण त्या तीन मुलींची नावं ठकूने या गावात कधी घेतलीच नव्हती. ती कोणालाच माहीत नाहीत. बाई रिकामं भांडं घेऊन परत येते.