म्हशींना आधीच कळलं

रंगाचा कारखाना नदीत सांडपाणी सोडतो, अशी तक्रार म्हशी पाळणाऱ्या ठकूबाईने तीनदा केली. तिन्ही वेळा तपासणीला आलेल्या देवस्थळी साहेबांना नदी नितळच दिसली. चौथ्यांदाही तेच. साहेबांनी बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरलं आणि गावासमोर आवाज चढवला.

"नदी नासवणाऱ्याला कायदा तुरुंगात धाडतो, बाई. पण घाण सापडायला हवी ना! आणि माझी तपासणी अचानक असते. आज इथे यायचंय, हे सकाळपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं."

ठकूबाईने पाण्यात डुंबणाऱ्या आपल्या म्हशींकडे पाहिलं.

"माझ्या म्हशींना मात्र परवाच कळलं होतं, साहेब."

"काय कळलं होतं?"

"तुम्ही येणार ते. एरवी काठीने हाकललं तरी या पाण्यात उतरत नाहीत, वासानेच माघारी फिरतात. परवा दुपारी आपणहून उतरल्या. तेव्हाच मी घरी म्हटलं, साहेब येणार."

गावात कुणी हसलं नाही. सगळे साहेबांकडे टक लावून बघत राहिले. साहेब घाईघाईने बाटलीला बूच लावू लागले.

"कारखान्याची पुन्हा चौकशी करतो," ते पुटपुटले.

"कारखाना राहू द्या," ठकूबाई म्हणाली. "तुमच्या कचेरीतून माझ्या म्हशींना कोण कळवतं, तेवढं शोधा."