साळुंकीची खबर आणि सरड्याची साक्ष

एका राज्यात, आणि नाव विचारू नका, नावात ही गोष्ट नाही, सोमदत्त नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात सोन्याच्या चोचीची एक साळुंकी होती. धूम्रनाथ नावाच्या मांत्रिकानं ती राजाला नजर केली होती. देताना तो एवढंच म्हणाला होता, "महाराज, ही कधी खोटं बोलत नाही." आणि ते खरं होतं हो! ती कधीच खोटं बोलत नसे. सगळा घोळ तिथंच झाला.

रोज तिसऱ्या प्रहरी साळुंकी सिंहासनाच्या हातावर येऊन बसे आणि एखाद्या घराचं नाव घेई. "अमक्याच्या घरी चोरीचा माल आहे." पहिल्या तीन खबरा खऱ्या निघाल्या. चौथ्या खबरीपासून कुठं काही सापडेना. पण तीनदा खऱ्या ठरलेल्या तोंडाला चौथ्यांदा कोण उलटून विचारतो? नाव निघालं की कोतवाल निघालाच. भानजी त्याचं नाव. माणूस सरळ, कुणाच्या चार दाण्यांना शिवायचा नाही, पण हुकमाचा ताबेदार. दार लाथेनं उघडायचं, कणगी उपडी करायची, उतरंडी फोडायच्या, चुलीतली राखसुद्धा उकरायची.

आणि जिथं काही सापडलं नाही, त्या घरची चूल त्याच घटकेला विझे. पुन्हा पेटत नसे. शेजारचा निखारा आणावा, तर उंबऱ्यावरच काळा पडे. बरं, शेजारी तरी निखारा देतील? ते म्हणत, "विस्तवाशिवाय धूर निघतो का? काहीतरी असेलच." आवडाबाई नावाची एकटी म्हातारी होती. झडतीत तिच्या घरात फाटकं घोंगडं निघालं, दुसरं काही नाही. चूल विझली. गल्लीतल्या कुणी तिच्या दाराकडे मान वळवली नाही. त्या थंडीत ती गेली, गरम पाण्याच्या घोटावाचून गेली. असं कुणी मरू नये हो.

होता होता एकशे एकोणचाळीस चुली विझल्या. मग एके दिवशी खुद्द राजमुद्राच नाहीशी झाली.

साळुंकी म्हणाली, "राजमुद्रा म्हाळसा कुंभारणीच्या आव्यात आहे."

म्हाळसेचा आवा नुकताच रचला होता. सहा महिन्यांची मडकी त्यात भाजायला लावलेली. भानजीच्या शिपायांनी पहारी घातल्या आणि आवा फोडला. खापरं निघाली, राख निघाली, मुद्रा काही निघाली नाही, आणि म्हाळसेची चूलही विझली. म्हाळसेचा नवरा सटवाजी आडवा आला, म्हणून त्याच्या मुसक्या बांधल्या. राजानं फर्मावलं, "मुद्रा कुठं आहे ते यालाच ठाऊक असणार. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बोलला नाही, तर कडेलोट."

म्हाळसा रडली नाही. फुटक्या आव्यापाशी उभी राहिली.

"कोतवालसाहेब, मुद्रा आमच्या आव्यात आहे हे साळुंकीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का?"

"बाई, साळुंकी खोटं बोलत नाही."

"खरंखोटं मी विचारलंच नाही. पाहिलं का, ते विचारलं."

एकशे चाळीस दारं विनाकारण फोडली होती भानजीनं, आणि हा एवढासा प्रश्न एकदाही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. त्यानं आव्याचं एक खापर उचललं, कमरेला खोवलं आणि दरबारात गेला.

"साळुंके, मुद्रा तू पाहिलीस?"

"नाही," साळुंकी म्हणाली. "वाऱ्यावरून कानी आलं. कानी येतं ते मी सांगते."

"कोण सांगतं?"

साळुंकीनं चोच उघडली आणि तिच्या गळ्यात गाठ बसली. नाव काही बाहेर पडेना. मोठ्या कष्टानं ती बोलली, "काळ्या डोंगराच्या वाटेनं जा. तीन बोलणारे भेटतील. तिघेही खबर देतील. एकाचीच धर. आणि कोतवाला, मी खोटं बोलले नव्हते रे."

"नव्हतीस," भानजी म्हणाला.

पहिल्या दिवशी वाटेत बोलकी विहीर लागली. आतून आवाज आला, "मुद्रा वेशीजवळच्या सोनाराकडे आहे." आणि मग सोनाराच्या सात पिढ्यांच्या भानगडी तिनं सांगितल्या. दिवस सगळा त्यात गेला. शेवटी भानजीनं विचारलं, "तू पाहिलंस?"

"माझ्याजवळ पाणी भरणारे बोलतात, तेच मी बोलते."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"ते मी विचारत नाही," विहीर म्हणाली. बरोबरचा शिपाई म्हणाला, "साहेब, एकदा सोनाराचं घर बघून तरी येऊ. आपलं काय जातंय?"

"आपलं काही जात नाही. त्याची चूल जाते," भानजी म्हणाला, आणि पुढं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी पांढराशुभ्र बगळा भेटला. मोठा गंभीर, एका पायावर उभा. तो म्हणाला, "ऐकीव नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. एक धनगर चमकती मुद्रा घेऊन रानात शिरला."

"तू कुठं होतास?"

"ढगांच्या वर."

भानजीनं कमरेचं खापर काढून बगळ्याची नजर चुकवून गवतात ठेवलं. "ढग राहू दे. त्या सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर बैस आणि सांग, गवतात काय आहे?"

बगळा उडाला, शेंड्यावर बसला, खाली बघितलं. "मोती!" म्हणाला. शिपाई हसले. भानजी हसला नाही. एका मोत्यापायी त्या धनगराचं घर त्यानं आजवर सहज फोडलं असतं, हे त्याला कळलं होतं.

दिवस कलताना काळ्या डोंगराच्या पायथ्याशी बाभळीचं कुंपण लागलं. कुंपणावर एक सरडा. घडीत हिरवा, घडीत तांबडा. शेपटीचं टोक जळालेलं.

"मुद्रा डोंगरातल्या गुहेत आहे," सरडा म्हणाला. "धूम्रनाथानं ती एका तांब्याच्या कलशाच्या तोंडावर बूच म्हणून बसवली आहे. कलशात तुमच्या नगरातल्या चुलींचा विस्तव आहे. तो भरताना ठिणगी उडाली, ही बघ शेपटी."

शिपाई म्हणाला, "साहेब, घडोघडी रंग बदलणाऱ्याची साक्ष घ्यायची? आणि सरड्याची धाव ती केवढी? कुंपणापर्यंत!"

"म्हणूनच पाहिलं," सरडा म्हणाला. "गुहेचं दार कुंपणापासून दहा हातांवर आहे."

भानजीनं विचारलं, "तुझी खबर यापूर्वी कधी खरी निघाली आहे?"

"मला यापूर्वी कधी कुणी विचारलंच नाही. म्हणून सांगतो, एकदम विश्वास ठेवू नकोस. उद्या ऊन डोक्यावर आलं की तो बाहेर येईल. डाव्या पायात खडाव नसेल. साळुंकीचं नाव तीनदा घेईल, मग वाऱ्याला एका घराचं नाव सांगेल. सगळं असंच घडलं, तर दार ठोठाव. एक गोष्ट चुकली, तर मला चिरड आणि परत जा."

तिसरा दिवस उजाडला. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कडा होता, आणि सटवाजीला घेऊन राजाची माणसं तिकडे चढू लागली होती. नगाऱ्याचा आवाज इकडे ऐकू येत होता. शिपाई कळवळून म्हणाले, "साहेब, माणूस मरेल! फोडा दार!" भानजीचा हात तलवारीवर गेला आणि थांबला. जन्मभर तो धावतच दारात शिरला होता. आज तो कुंपणाआड बसून राहिला. थांबणं किती जड असतं हे त्याला त्या दिवशी समजलं.

ऊन डोक्यावर आलं. दगड सरकला आणि धूम्रनाथ बाहेर आला. उजव्या पायात खडाव होती, डावा पाय अनवाणी. "साळुंके, साळुंके, साळुंके," तो वाऱ्याला म्हणाला. "चोरीचा माल कोतवाल भानजीच्या घरात आहे." एवढं बोलून तो आत गेला आणि दगड पुन्हा लागला.

भानजीला आपली बायको दिसली, परातीत पीठ मळणारी, मागं चूल पेटलेली. एकशे चाळीस घरांत असंच कुणीतरी पीठ मळत होतं. अरे देवा, असं तो मोठ्यानं म्हणाला. मग उठला, बंद झालेल्या दगडापाशी गेला आणि हातानं ठोठावलं.

"राजाच्या नावानं झडती आहे. कारण विचारशील तर मी सांगू शकतो."

खरं कारण घेऊन ठोठावलेलं दार मंत्रानं अडत नाही, असा त्या राज्याचा जुना नेम होता. माणसं तो विसरली होती, दारं विसरली नव्हती. दगड बाजूला झाला. आत तांब्याचा कलश धगधगत होता आणि त्याच्या तोंडावर राजमुद्रा.

धूम्रनाथ शांतपणे म्हणाला, "मी एकाही घराला हात लावलेला नाही. मी फक्त नाव घेत होतो. दारं तू फोडलीस. खऱ्या कारणावाचून राजाच्या माणसानं उंबरा ओलांडला, की त्या घरचा विस्तव पोरका होतो. पोरका विस्तव मी उचलला. राज्याराज्यांतल्या असल्याच विस्तवावर मी तीनशे वर्षं जगतो आहे."

"दारं मीच फोडली," भानजी म्हणाला, आणि त्यानं मुद्रा उचलली.

एकशे चाळीस ज्योती कलशातून उठल्या आणि नगराकडे गेल्या. धूम्रनाथाच्या जागी मूठभर राख उरली. भानजी मुद्रा घेऊन डोंगर चढला. पडला, उठला, गुडघे फुटले. सूर्य टेकायला हातभर उरला असताना कड्यावर पोचला. "थांबा!" सटवाजीच्या टाचा कड्याच्या कडेवर होत्या. नवऱ्यामागोमाग कड्यावर आलेल्या म्हाळसेनं धावत जाऊन त्याला मागं ओढलं आणि तेव्हा कुठं ती रडली. साळुंकीच्या गळ्यातली गाठ सुटली. तिनं धूम्रनाथाचं नाव घेतलं आणि पुन्हा त्या दरबारात काही म्हणजे काही बोलली नाही.

पण नगरात येऊन बघतात, तर ज्योती घराघराच्या उंबऱ्याबाहेर थांबलेल्या. आत जाईनात. राजा म्हणाला, "आता काय राहिलं?" म्हाळसा म्हणाली, "महाराज, जे न विचारता शिरले, त्यांनी आता विचारावं."

राजानं जोडे काढले. भानजीनं तलवार सोडली. दोघं दारोदार गेले. "आम्ही विनाकारण आत शिरलो होतो. आमचं चुकलं. हा तुमचा विस्तव." कुणी लगेच "ये" म्हणालं, कुणी दोन शिव्या हासडून म्हणालं, कुणी दिवसभर दाराबाहेर उभं ठेवलं. राजा उभा राहिला. म्हाळसेनं विचारलं, "विस्तव आला, आवा कोण बांधणार?" मग दोघांनी गुडघाभर चिखल तुडवला आणि आवा बांधला. त्यातून पहिलं मडकं निघालं, ते ठणठणीत वाजलं.

एकशे एकोणचाळीस चुली अशा पेटल्या. आवडाबाईच्या दाराशी मात्र भानजीनं तीनदा हाक मारली, "आम्ही विनाकारण आत शिरलो होतो, आई." आतून "ये" म्हणायला कुणी नव्हतं. ज्योत उंबऱ्याबाहेरच राहिली. भानजी तिच्यापाशी खाली बसला आणि हमसून हमसून रडला. गल्लीतले शेजारी माना खाली घालून उभे राहिले.

त्या दिवसापासून नेम झाला. कुणाच्याही घरची झडती घ्यायची तर कोतवालानं आधी त्या ज्योतीसमोर यावं आणि मोठ्यानं सांगावं: खबर देणाऱ्यानं स्वतः पाहिलं का, कुठून पाहिलं, आणि त्यातलं मी काय पडताळलं. ज्योत स्थिर राहिली तर जावं. थरथरली तर परत फिरावं.

तुमच्या-आमच्या घरची चूल पेटती राहो, आणि दाराशी येणारा आधी कडी वाजवो. त्या राज्यात आजही नवा कोतवाल आला की पहिल्यांदा त्याला आवडाबाईच्या दाराशी नेतात. तलवार मग देतात.