न मोडलेल्या वस्तूंची फळी

“यात काय मोडलंय?”

दाजीबुवांनी फळीवरचा राऊटर उचलला होता. नारळात पाणी आहे का बघावं तसा तो कानाशी धरून ते हलवून बघत होते.

संहिता दचकली. दाराची कडी वाजली तरी ती दचकायची. पण आज ती फळीपासून एक पाऊल मागं सरकली.

“खराब झाला होता, बुवा. दस्तगीरभाईंनी नवा बसवला.”

“नवा बसवल्यावर चाललं?”

“...नाही.”

“मग यात काय मोडलंय?”

तिसऱ्यांदा बुवांनी विचारलं नाही. उपरण्याच्या टोकानं राऊटरवरची धूळ पुसली आणि होता तिथं ठेवून दिला.

कोळवलीच्या टेकडीवरच्या त्या मठात ओसरीला एक लांब फळी आहे. ज्याच्या हातून जे मोडेल ते त्यानं आपल्या हातानं त्या फळीवर नेऊन ठेवायचं, एवढाच नियम. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही. शनिवारी बुवा डिंक, सुतळी, खिळे घेऊन दुरुस्तीला बसतात आणि मोडणारा शेजारी बसून वस्तू धरून ठेवतो.

चांगली वस्तू फळीवर ठेवायची बुद्धी आजवर कुणाला झाली नव्हती. ती संहिताला झाली.

झालं होतं ते असं.

मठाची चौऱ्याऐंशी पदं आहेत. ती कधी कागदावर उतरली नाहीत. या तोंडातून त्या कानात, अशीच चालत आली. आता ती सगळी येतात एकट्या सगुणाक्कांना. बुवांच्या त्या गुरुभगिनी. वय अठ्ठ्याऐंशी, अंथरुणाला खिळलेल्या, मुक्काम बडोद्याला भाच्याकडे.

रोज सकाळी दहाला अक्का कंप्युटरच्या पडद्यावर दिसायच्या, एक पद म्हणायच्या, आणि संहिता ते लिहून घ्यायची. मठात मोबाइल एकच, तोही बटणांचा, आणि नुसत्या आवाजावर अक्का गात नसत. बुवा मांडीवर बोटांनी ताल धरणार आणि त्या बोटांकडे बघत अक्का गाणार, हे साठ वर्षांचं. हात दिसला नाही तर सूर फुटत नसे.

एकसष्ट पदं झाली होती. तेवीस राहिली होती. आणि अक्कांचा आवाज दिवसागणिक बारीक होत चालला होता.

बुवांनी बजावलं होतं, पदं पुरी होईतो यंत्राला हात लावू नकोस, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची. पण पडद्याच्या कोपऱ्यात रोज सूचना उगवायची: नवी प्रणाली तयार आहे. संहिता एम.एस्सी. झालेली. मठात कंप्युटरमधलं कळणारी ती एकटी, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. बुवा गावात कुणाच्या तेराव्याला गेले होते, त्या दुपारी तिनं त्या सूचनेवर टिचकी मारली.

संध्याकाळपर्यंत कंप्युटर नव्या नवरीसारखा सजून बसला. दुसऱ्या दिवसापासून इंटरनेट दर चार-पाच मिनिटांनी माहेरी जायला लागलं.

अक्कांचं तोंड उघडं राहून चित्र थिजायचं. पुन्हा जोडणी होईपर्यंत त्या दमून, डोळे मिटून पडलेल्या असायच्या. त्या दिवसापासून एक पद पुरं झालं नव्हतं.

संहितानं काय नाही केलं? कंप्युटर वीस वेळा बंद करून चालू केला. वाय-फायची जुनी ओळख पुसून पासवर्ड नव्यानं दिला. वीज वाचवायची खूण काढून टाकली. राऊटर खिडकीत ठेवला, कोनाड्यात ठेवला, माळ्यावर टांगला. शेवटी कंप्युटर बनवणाऱ्यांचीच वेबसाइट उघडली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, की या मॉडेलच्या वाय-फायसाठी नव्या प्रणालीत चालणारा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारा प्रोग्राम, अजून आलेला नाही.

म्हणजे दुखणं कुठं आहे ते तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. औषधही कळलं होतं. दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीवर परत जाता येतं. दहा दिवस उलटले की ती वाट बंद.

पण परत जायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत राहतं की आपण मागे चाललो आहोत. कंप्युटर सभामंडपात, थेट बुवांच्या बैठकीसमोर. बुवा दिवसभर बैठक सोडत नव्हते, आणि रात्री सभामंडपाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या उशाशी.

सांगितल्याशिवाय मागं जाता येत नव्हतं. एवढंच होतं सगळं.

खालच्या गावातला इंटरनेटचा जोडणीवाला दस्तगीर मुलाणी तोवर चार वेळा टेकडी चढून आला होता. तीनशे बारा पायऱ्या, आणि त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला. वायर बदलली, राऊटर बदलला. “वायर निर्दोष आहे, ताई. कोर्टात उभी करा हवी तर.” मग त्यानं बिचकत विचारलं होतं, कंप्युटरमध्ये काही बदल केलाय का.

“नाही,” संहिता म्हणाली होती. वर आपण कंप्युटर शिकलोय हेही त्याला ऐकवलं होतं. आणि तो गेल्यावर, कुणी विचारायच्या आत, जुना राऊटर फळीवर नेऊन ठेवला होता.

ते ‘नाही’ तेव्हापासून घशात फुटाण्याच्या सालपटासारखं चिकटून बसलं होतं. गिळताही येईना, खाकरताही येईना.

आज दहावा दिवस होता.

बुवा राऊटर ठेवून बैठकीकडे वळले, तेवढ्यात ठकूमावशी ओसरीवर आली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मिक्सर. तिनं तो नीट पुसून राऊटरशेजारी ठेवला.

“मावशी, हा चालतोय की,” संहिता म्हणाली.

“चालतो गं. पण मी चटणी वाटायला घेते आणि तुमचं ते नेट जातं. दोनदा बघितलंय मी. ह्याच्यापायीच असणार.” ती फळीकडे बघत होती. “आजपासून पाट्यावर वाटीन.”

मावशीचा खांदा गेलं वर्षभर धरलेला होता. हे मठातल्या मांजरालाही माहीत होतं.

मिक्सरचा काही संबंध नाही, असं सांगायला संहितानं तोंड उघडलं. मग मावशी विचारणार, संबंध कशाचा...

तिनं तोंड मिटलं.

साडेनवाला दस्तगीर पाचव्यांदा चढून आला. पायरीवर टेकला, गुडघा दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. मग बुवांना म्हणाला, की सव्वीस वर्षं झाली जोडण्या करतोय, पण आता बारीक तार डोळ्याला दिसत नाही बहुतेक. दोष आपल्याच हातात असेल. मालकांना सांगून दुसरा माणूस पाठवायला लावतो.

“तुमच्या फळीचा नियम मला ठाऊक आहे, बुवा.” पिशवीतली पक्कड काढून त्यानं मिक्सरशेजारी ठेवली.

बुवा ‘ठेवू नको’ म्हणाले नाहीत.

संहिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दस्तगीरकडे बघायचं नाही म्हणून ती पक्कडीकडे बघत राहिली. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हातानं घासून पांढरी पडलेली.

पावणेदहाला ठकूमावशीचा मोबाइल वाजला. बडोद्याहून अक्कांचा भाचा. मावशीनं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. भाचा चाचरत बोलत होता. अक्का म्हणतायत, आजपासून जोडायला नको. मी गाते आणि तिकडे सगळे पुतळ्यासारखे गप्प बसतात. म्हणजे माझाच आवाज गेला. दाजीला सांग, माझ्यासाठी खोळंबून राहू नको.



बुवा उठले. उजव्या कानात बोट घालून त्यांनी ऐकायचं यंत्र काढलं. शेंगदाण्याएवढं ते यंत्र. दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तसं, त्यांनी ते फळीवर पक्कडीच्या शेजारी ठेवलं.

“बुवा, हे कशाला?” संहिताचा आवाज चिरकला.

बुवांना ऐकू गेलं नसावं. पण तोंड बघून कळलं असावं.

“अक्काचा आवाज जायचा नाही,” ते म्हणाले. “माझाच कान गेला असेल.”

राऊटर. मिक्सर. पक्कड. यंत्र.

फळीवर चार वस्तू होत्या आणि चारही ठणठणीत होत्या. जे मोडलं होतं ते फळीसमोर ओढणीचं टोक पिळत उभं होतं.

“बुवा... मी केलं ते.”

बुवांनी कानामागं हात धरला. “काय?”

“मी... कंप्युटरमध्ये नवी प्रणाली घातली.”

“जरा मोठ्यानं बोल गं. यंत्र फळीवर आहे.”

पायरीवर दस्तगीर पाणी पीत होता. मावशी मोबाइल हातात धरून तशीच उभी होती. संहितानं चटकन यंत्र उचलायला हात पुढं केला, बुवांच्या कानात घालावं आणि कानातच काय ते सांगावं म्हणून.

बुवांनी हात आडवा घातला.

“मोडलेल्या वस्तूला शनिवारपर्यंत हात लावायचा नाही.”

...

संहितानं डोळे मिटले.

“नवी प्रणाली मी घातली. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तुम्ही गावात गेला होतात तेव्हा. त्यानंच नेट जातंय. मला सात दिवसांपासून माहीत आहे. दस्तगीरभाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. वायर चांगली होती. मिक्सर चांगला होता. राऊटर चांगला होता. मी खोटं बोलले.”

शेवटचं वाक्य सभामंडपात जाऊन आपटलं आणि परत आलं. कळसावरचे पारवे भर्रकन उडाले. एरवी संहिता दचकली असती.

दस्तगीरनं तांब्या हळूच खाली ठेवला.

मावशीच्या हातातल्या मोबाइलमधून भाच्याचा आवाज आला. फोन चालूच राहिला होता.

“अक्का विचारतायत, ही कोण मुलगी? म्हणतायत, हिचं स्वच्छ ऐकू आलं.”

संहिताला वाटलं, ओसरीच्या फरशीनं पोटात घ्यावं.

फरशीनं घेतलं नाही. बुवांनी कंप्युटरकडे बोट केलं. ती जाऊन बसली. दीड तास पडद्यावर ती मोठी अक्षरं झळकत राहिली आणि सगळ्यांनी ती वाचली. ठकूमावशी मिक्सर घेऊन आत गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिली. दस्तगीर जाताना सभामंडपाच्या दारात थांबला.

“एम.एस्सी.ला हा धडा नसतो का, ताई?” रागानं नाही, खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं, आणि गुडघा सांभाळत पायऱ्या उतरायला लागला.

साडेअकराला अक्का पडद्यावर आल्या. बुवांनी यंत्राविनाच मांडीवर बोटं धरली, अक्कांच्या ओठांकडे बघत. चार मिनिटं झाली. पाच झाली. आठ झाली. चित्र थिजलं नाही. बासष्टावं पद शेवटच्या ओळीपर्यंत पुरं झालं. संहिता लिहीत होती. वहीवर दोन ठिकाणी शाई फुटली.

पद संपलं तेव्हा तिला फळीवर पक्कड दिसली.

तिनं पक्कड आणि जुना राऊटर पिशवीत घातला आणि उन्हात खाली गेली. दस्तगीर घरी नव्हता. मालकांच्या दुकानात, दुसरा माणूस बघा म्हणून सांगायला गेला होता. तिनं दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांदेखत, दोष कुणाचा ते सांगितलं. मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग दस्तगीरकडे. दस्तगीरनं पक्कड घेतली, उघडमीट करून बघितली आणि पिशवीत टाकली. तिनं माफी मागितली. तो म्हणाला, वर चढताना मधल्या पिंपळाखाली बसून घ्या, तिथून पुढं दम पुरत नाही.

तिचा पुरला नाही. एकशे नव्वदाव्या पायरीवर ती पिंपळाखाली बसली. मग तो पाच वेळा इथं बसला असेल हे मनात आलं आणि बसवेना.

ती वर पोहोचली तेव्हा उन्हं कलली होती. बुवा ओसरीवर एकटेच होते. फळीवर आता एकच वस्तू उरली होती.

तिनं यंत्राकडे बोट केलं, मग बुवांच्या कानाकडे.

“शनिवार झाला?” बुवांनी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

“मग?”

“ते मोडलेलं नाही, बुवा,” ती मोठ्यानं म्हणाली.

बुवांनी तळहात पुढं केला. तिनं यंत्र उचलून त्यावर ठेवलं. बुवांनी ते सावकाश कानात बसवलं, बारीक चाक फिरवलं, एकदा डोळे मिटून पारव्यांचं घुमणं ऐकलं.

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते.

“झालं, बुवा. सगळ्यांनी ऐकलं. अक्कांनी ऐकलं. दुकानातही सांगितलं.” तिनं रिकाम्या फळीकडे बघितलं. “आता सांगायचं काही राहिलं नाही.”

“मी नाही ऐकलं. यंत्र फळीवर होतं.”

...

बुवा थोडे तिच्याकडे झुकले.

“आता हळू सांग.”