फाटकाजवळच्या दोन जागा

वसईच्या अंगाला, केळीच्या बागांत दडलेल्या एका गावात बस्त्याव नावाचा एक बागायतदार राहत होता. माणूस सरळ, देवभीरू, दिल्या शब्दाला जागणारा. पण हट्टी असा, की त्याच्यापुढे रेडासुद्धा समजूतदार वाटावा.

सत्तरी ओलांडल्यावर बस्त्यावने आपल्या मरणाची सगळी तयारी करून ठेवली. काळा कोट शिवून घेतला. परसातला फणस वादळात पडला, तेव्हा त्याच्या फळ्यांची शवपेटी करवून माळ्यावर ठेवली. आता एवढी थोरली पेटी रिकामी पडलेली त्याच्या बायकोला, मोनकीला, बघवेना. तिने तीत कांदे आणि सुके बोंबील भरले. बस्त्याव कुरकुरला, तर म्हणाली, तुम्हाला लागेल तेव्हा काढून देईन.

शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले सारे उठतील, यावर बस्त्यावचा पक्का विश्वास होता. त्याला काळजी होती ती गर्दीची. सणाची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात काय रेटारेटी होते ते त्याने पाहिलं होतं, आणि तिथे तर आदामापासूनची माणसं उठणार. म्हणून दफनभूमीत अगदी फाटकाजवळ आजोबांनी घराण्यासाठी दोन जागा धरून ठेवल्या होत्या, त्यावर त्याचा भारी जीव. उठलं की दोन पावलांत बाहेर.

पण त्यातली दुसरी जागा होती त्याच्या चुलतभावाची, कैतानची. आणि कैतानशी बस्त्याव चौदा वर्षं बोलला नव्हता.

झालं होतं एवढंच. कैतानची म्हैस दावं तोडून बस्त्यावच्या बागेत शिरली आणि तिने केळीची नव्वद रोपं तुडवली. कैतानने माफी मागायची सोडून हसत हसत म्हटलं, अरे, केळच ती, बुंध्यातून पुन्हा फुटेल. गोष्ट खरी होती. पण खरं बोलायलाही वेळ बघावी लागते. बस्त्याव तडक गावच्या क्रुसापाशी गेला, हात ठेवला आणि चारचौघांत शपथ घेतली, की जिवंत आहे तोवर कैतानचा उंबरा चढणार नाही, त्याच्याशी बोलणार नाही. महिन्याभरात केळी पुन्हा फुटल्या. भावाभावांतलं बोलणं काही फुटलं नाही.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत कैतानने अंथरूण धरलं. काळीज थकलंय, आता थोडेच दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची बायको रेजिना दोनदा येऊन गेली. म्हणाली, सारखे दाराकडे बघत असतात, एकदा येऊन जा. बस्त्यावचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगा, त्याला जायचं होतं. रोज तो बागेच्या कुंपणापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. क्रुसावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडायची कशी?

मोनकी एवढंच म्हणाली, "मेल्यावर त्याच्याच शेजारी निजायचंय तुम्हाला. उठल्यावर पहिलं तोंड कोणाचं बघणार?"

हे बस्त्यावच्या डोक्यातच आलं नव्हतं. शुभ शुक्रवारची उपासना आटपताच त्याने फादर सायमन यांना गाठलं आणि आपली कबर मागच्या भिंतीला हलवा म्हणून विनवलं. गर्दी झाली तर झाली. फादरांनी कारण विचारलं. शपथेची सगळी हकीकत ऐकली. फादर वयाने लहान, पण बिलंदर.

"जिवंत असेपर्यंत, असंच म्हणालात ना, बस्त्यावबाबा? मग सोपं आहे. मरा. आणि रविवारी प्रभूबरोबर उठा."

मग त्यांनी नीट समजावूनही सांगितलं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपण ख्रिस्ताबरोबर एकदा पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर उठलो. दर ईस्टरला आपण बाप्तिस्म्याचं ते वचन पुन्हा देतो. पुरायचा असतो तो आपल्यातला जुना माणूस, राग धरून बसणारा. तो गेला, की त्याच्या रागाच्या शपथाही त्याच्याबरोबर जातात. पण बस्त्यावच्या कानांत "मरा" हा एकच शब्द घुमत होता. पुढचं सगळं गेलं वाऱ्यावर.

शुक्रवारी बाग शिंपायची राहिली होती, म्हणून त्याने मरण शनिवारवर ढकललं. शनिवारी सकाळी पेटी ओटीवर उतरवली. कांदे काढले, बोंबील काढले. काळा कोट चढवला, हातात जपमाळ घेतली आणि पेटीत जाऊन डोळे मिटून पडला. मोनकीने विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, मी मेलोय, रविवारच्या मिस्सेपर्यंत मला हाक मारू नकोस. मोनकीने कपाळावर हात मारला आणि विहिरीवर धुणं घेऊन गेली. मेलेल्या माणसाशी डोकं कुठे फोडा?

तेवढ्यात शेजारची फिलू आल्याचा तुकडा मागायला आली. ओटीवर पेटी, पेटीत काळ्या कोटातला बस्त्याव, हातात जपमाळ. फिलूने जी किंकाळी फोडली, ती थेट बागेपलीकडे कैतानच्या खाटेपर्यंत पोचली. आणि पाठोपाठ फिलूही पोचली. म्हणाली, बस्त्यावबाबा गेले.

कैतान उठला. पंधरा दिवस जो ओटा उतरला नव्हता, तो काठी घेऊन निघाला. रेजिना आडवी आली, तर तिला म्हणाला, बाजूला हो. दर चार केळींमागे एका बुंध्याला धरून दम खात, चौदा वर्षांनी तो त्या वाटेने गेला.

पेटीशी येऊन तो मटकन बसला. बस्त्यावने श्वास रोखला. कैतान लहान पोरासारखा रडत होता.

"बस्त्या, अरे बस्त्या, मी हसायला नको होतं रे. नव्वदच्या नव्वद रोपं मी स्वतः लावून द्यायला हवी होती. मीच आधी यायला हवं होतं."

चौदा वर्षांत त्याला बस्त्या म्हणून कोणी हाक मारली नव्हती. म्हणणारा हा एकच होता.

आता बस्त्याव पेचात पडला. रविवार उजाडायला अख्खा दिवस आणि रात्र बाकी. आज उठलं तर मरण अपुरं, शपथ जशीच्या तशी. न उठावं, तर इथे भावाचा श्वास लागलेला. छाती भात्यासारखी वर-खाली होतेय, आणि हा रविवारपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार? बस्त्यावने मनात प्रभूला म्हटलं, तू थडग्यावरचा मोठा दगड सारून उठलास, मला तर नुसतं झाकणही नाही. पाप लागलं तर लागलं.

आणि तो ताडकन उठून बसला.

फिलू दारातच कोसळली. कैतानने आ वासला तो वासलेलाच. बस्त्यावने त्याला मिठी मारली, आणि मग दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले, की धुणं टाकून आलेली मोनकीसुद्धा पदराने डोळे पुसायला लागली. कैतानचं पहिलं वाक्य होतं, "बस्त्या, स्वर्गात बोंबलांचा वास येतो काय रे?"

बस्त्यावने त्याला हाताला धरून घरी नेलं. उंबऱ्याशी मात्र त्याचे पाय थबकले. जुनी सवय. मागून मोनकी म्हणाली, "थांबलात कशाला? शपथ घेतलेला तो बस्त्याव मेला ना?" बस्त्यावने एक क्षण विचार केला, आणि उंबरा चढला.

रविवारी सकाळी कैतानला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये आणलं. प्रभू उठला आहे, असं फादरांनी म्हटलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने आल्लेलुया म्हणाला तो बस्त्याव. पहिल्या तीन बाकांवरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले होते, कारण काळा कोट एकच होता आणि वास काही गेला नव्हता. मिस्सेनंतर फादरांनी हळूच विचारलं, कबर मागच्या भिंतीला हलवायची होती ना?

"नको, फादर," बस्त्याव म्हणाला. "एवढ्या गर्दीत उठल्यावर शेजारी ओळखीचं माणूस असलेलं बरं."

कैतान पुढच्या महिन्यात गेला. तो बस्त्यावचा हात धरून गेला, आणि फाटकाजवळच्या एका जागेवर निजला. बस्त्यावने त्याच्या उशाशी केळीचं एक रोप लावलं.

तात्पर्य: कर्णा वाजेल त्या दिवशी सगळेच उठतील, पण ज्याला प्रभूच्या उठण्याचा अर्थ कळला, तो आपला राग आजच पुरतो आणि रविवारची वाट न बघता भावासाठी उठतो.