दोरी ताणली की थांबायचं

एकदा एक कुत्रा एका वृद्ध गुरूंना भर बाजारातून फरफटत घेऊन चालला होता, आणि दोन्ही बाजूंची माणसं हात जोडून म्हणत होती, "पाहा, महाराज मुक्या जनावराला किती प्रेमाने फिरवतात!"

मागून ओली धोतरं खांद्यावर टाकून चालणाऱ्या शिष्याला यात प्रेम कुठे दिसत नव्हतं. त्याला दिसत होत्या गुरुजींच्या पायांतून सुटू पाहणाऱ्या खडावा आणि ऐकू येत होता कुत्र्याचा घरघरणारा गळा. कुत्रा मठात नवा होता. धनगरांचा कळप नदीपलीकडे गेला, तेव्हा पायात काटा भरल्यामुळे तो मागे राहिला. शिष्याने काटा काढला, आणि तो मठाचाच झाला. रंगावरून नाव पडलं तांब्या. स्वभावाने अगदी गरीब. खोड एकच. गळ्यात दोरी पडली की बैलाने मोट ओढावी तसा ओढायचा.

गुरुजी त्याला रोज उपदेश करत. "थांब, तांब्या. संयम, बाळा, संयम!" असं म्हणत म्हणत त्याच्याच मागे धावत. संयम हा त्यांचा आवडता विषय. संध्याकाळच्या प्रवचनात त्यावर ते असं काही बोलत की ऐकणारे डोळे पुसत उठत. शिष्यालाही ते 'बाळा'च म्हणत. त्याला दाढी फुटून जमाना झाला होता.

नदीवरून मठाकडे येताना शेठजींची पेढी लागे. शेठजी मठाचे आश्रयदाते. आता मठाचा एक जुना दंडक होता. स्नान झाल्यापासून पूजा होईपर्यंत कुणाच्याही उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, दारात राजा उभा असला तरी. कुणी शिष्य चुकला तर त्या दिवशी त्याला उपास. पण शेठजींनी गादीवरून नुसतं "महाराऽज!" म्हटलं की गुरुजी वळत, आत जात, केशरी दूध घेत आणि मिशा पुसत बाहेर येत. "भक्ताचं मन मोडू नये, बाळा." शेठजी तांब्यालाही गुळाचा खडा टाकत. आणि तरीही हा कुत्रा घाटापासूनच असा का ओढत सुटतो, याचं साऱ्या मठाला कोडं पडलं होतं!

एके सकाळी त्याच ओढीत गुरुजी घाटाच्या पायरीवर आपटले. गुडघा सुजला. शेठजी समाचाराला आले आणि निकालच देऊन गेले.

"महाराज, ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणंच हवं. पंचमीला तुम्ही स्नान करून याल, तेव्हा मी दारात उभा राहीन. त्या दिवशी यानं ओढलं, तर आमच्या वखारीत साखळीला. उंदीर तरी मारील."

वखारीतला आधीचा कुत्रा शिष्याने पाहिला होता. साखळीएवढंच त्याचं जग. शेवटी शेवटी तो भुंकतही नसे.

"गुरुजी, तुम्ही नाही म्हणा."

"नाही म्हणणारे आपण कोण, बाळा? जे होतं ते भल्यासाठीच."

"कुणाच्या?"

गुरुजींनी डोळे मिटले. उत्तर नसलं की त्यांना ध्यान लागे.

गुडघा बरा होईपर्यंत दोरी शिष्याच्या हाती आली. त्याने आधी स्वतःचं तोंड बंद केलं. दोरी ताणली की जागच्या जागी उभं राहायचं. तांब्या वळून बघेपर्यंत, दोरी सैल होईपर्यंत पाऊल हलवायचं नाही. सैल झाली की लगेच चालायचं. पहिल्या दिवशी मठाच्या दारापासून समोरच्या पिंपळापर्यंत पोचायला दुपार झाली. बाजाराची फुकट करमणूक झाली. आणि पारावर बसलेली वडीलधारी मंडळी, ज्यांचं घरात कुणी ऐकत नव्हतं, ती इथे शहाणपण वाटू लागली.

"काय रे, खांब पुरायचाय का तिथं?"

"दोन फटके घाल, सुतासारखा सरळ येतो. आम्ही असे कैक वळवले."

"मग तुमचा कुत्रा जन्मभर खुंटीला का बांधलेला असतो, आजोबा?" शिष्य म्हणाला. त्याचं डोकं तापलं होतं, पण पाय हलला नाही.

हळूहळू तांब्याला उमगलं. दोरी ताणली की सगळं थांबतं, सैल सोडली की चालू लागतं. पुढे पुढे तर दोरीला जरा ताण बसला की तो आपणहून थांबायचा आणि मागे बघत खाली बसायचा.

पंचमी उजाडली. गुरुजी काठी टेकत उठले.

"आज दोरी मी धरतो, गुरुजी."

"छे! लोक काय म्हणतील? दोरी गुरूच्याच हाती शोभते."

"मग एवढं तरी ऐका. ताणली की थांबा."

"आता तू मला संयम शिकवणार?"

स्नान झालं. तांब्या गुरुजींच्या बरोबरीने चालत होता. दोरी झोळीसारखी सैल लोंबत होती. पेढी आली. दारात शेठजी उभे होते आणि त्यांनी मुद्दाम तळहातावर गूळ धरला होता. तांब्याने नाक वर केलं, एकदा शिष्याकडे पाहिलं, आणि तो पुढे निघाला.

"महाराऽज! दूध निवतंय!"

गुरुजी वळले. मनाआधी पायच वळले. दोरी ताणली. तांब्या थांबला आणि शिकवल्याप्रमाणे खाली बसला.

"चल की रे!" गुरुजींनी हिसका दिला. कुत्र्याने चारी पाय रोवले. गुरुजी उंबऱ्याकडे वाकलेले, एक पाय अधांतरी.

"बघा! ओढतोय! म्हटलं नव्हतं मी?" शेठजी ओरडले.

शिष्याचा संयम संपला. "ओढतंय कोण, शेठजी? डोळे उघडून बघा."

रस्त्यात जमलेल्यांतून कुणीतरी फसकन हसलं.

"गुरुजी, दोरी ताणली की थांबायचं, एवढंच त्याला शिकवलंय. तो थांबलाय. आता तुमचं तुम्ही बघा."

गुरुजींनी दोरीकडे पाहिलं. मग आपल्या पायाकडे. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. उचललेला पाय त्यांनी मागे घेतला. दोरी सैल झाली, तसा तांब्या उठला.

"पूजा व्हायची आहे, शेठजी. आणि कुत्रा मठातच राहील."

"मग मठाच्या तेलातुपाचंही तुम्हीच बघा!"

"बघू," गुरुजी म्हणाले. पाय मठाकडे वळले होते.

मठ जवळ आला तेव्हा ते आपणहून बोलले. "मी रोज तोंडाने थांब म्हणत होतो आणि पायांनी जात होतो. त्याला शब्द कुठले कळायला? त्याने माझे पाय ऐकले. खोड त्याची नव्हतीच. तो माझीच वाट गिरवत होता."

"हे काही कुत्र्यापुरतंच नाही, गुरुजी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. पुढे 'बाळा' लावलं नाही.

त्या संध्याकाळी प्रवचन झालं नाही. पंगतीत गुरुजींच्या पानावर काहीच वाढलेलं नव्हतं. आजवर मोडलेल्या दंडकाचा उपास होता तो. शिष्याने पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला उलट बोलावंसं वाटलं नाही.

पोरं ऐकत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा आपल्या पायांकडे बघावं. पोरं ऐकतात, पण तिथलं ऐकतात.