आनेकेची उडी

“पण मी तिला कधी पाडलंय का, गुरुजी?”

कौस्तुभचा आवाज चिरकला. अ‍ॅमस्टरडॅमच्या नाट्यगृहामागे तालमीच्या खोलीत तो आणि म्हातारे योरिस, दोघंच होते. योरिस म्हणजे बॅले बसवणारे मोठे नावाजलेले गृहस्थ. त्यांच्या जन्मभराच्या कामाचा आज संध्याकाळी गौरव होता आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं युगुलनृत्य कौस्तुभच्या वाट्याला आलं होतं. तिकडे लहानथोर सगळे त्यांना नुसतं ‘योरिस’ म्हणत. मिरजेच्या कौस्तुभची जीभ काही तशी वळेना. तो आपला गुरुजीच म्हणायचा.

“नाही पाडलंस,” योरिस म्हणाले.

“मग आनेके ऐन वेळी नाही का म्हणते?”

“मी विचारलं तिला. म्हणाली, भीती वाटते.”

भीती!

कौस्तुभला कानाखाली बसल्यासारखं झालं. नृत्याच्या शेवटी त्याच्या जोडीदारणीने, आनेकेने, उंच चौथऱ्यावरून, मागे न बघता, पाठमोरं अंग झोकून द्यायचं आणि याने खाली झेलायचं. सबंध हिवाळाभर तालीम केली, एकदाही हात चुकला नाही, की झेलताना पाठ वाकली नाही. आणि आज म्हणे भीती!

“माझे आईबाबा आलेत हो. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. त्यांना काय सांगू? तुमचा मुलगा नाचणार नाही म्हणून?”

योरिस बसल्या जागी काठीवर हनुवटी टेकवून त्याच्याकडे बघत राहिले.

“माझ्यासारखी पाठ आहे का इथे कुणाची? खांदे बघा, मान बघा. पेपरवाल्यांनीसुद्धा लिहिलं, पुतळा करावा असा उभा राहतो म्हणून. आणि ही बया...”

घ्या! आईबापांवरून गाडी थेट पाठीवर आली. पोरगा देखणा होता, यात वादच नाही. त्याला ते जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

योरिस उठले. हातातली काठी त्यांनी भिंतीला टेकवली. आधी स्टुलावर चढले, मग गुडघा टेकून कोपऱ्यातल्या पियानोवर.

“अहो, काय करताय?”

ऐंशीच्या घरातला माणूस, पाय लटलटत होते. पियानोच्या कडेला येऊन ते पाठमोरे झाले. हात पसरले...

“गुरुजी! नको, नको...”

आणि दिलं की हो अंग सोडून!

कौस्तुभ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो धावला कसा, पोचला कसा, त्याचं त्यालाच कळलं नाही. वेडावाकडा घसरत, गुडघ्यांवर आपटत त्याने म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि दोघेही धाडकन जमिनीवर आले. खाली कौस्तुभ, वर गुरुजी.

कौस्तुभचा ओठ फुटला होता. त्याने आधी म्हाताऱ्याचं डोकं चाचपलं, मग मान, मग मनगटं. सगळं धड होतं. मग मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“वेडबीड लागलंय का तुम्हाला? मेला असतात ना! आजच्या दिवशी! आणि तेही माझ्या हातून...”

एवढा थोरला गडी हमसाहमशी रडायला लागला.

योरिस त्याच्या छातीवर तसेच पडून होते, वर छताकडे बघत.

“कौस्तुभ.”

“काय?”

“पाठ ताठ होती का रे तुझी?”

“पाठ?” कौस्तुभने नाक पुसलं. भडकलाच तो. “पाठीचं काय घेऊन बसलात? तुमचा जीव चालला होता इथे! कसली पाठ नि कसलं काय...”

“हं,” योरिस म्हणाले. “आता आनेकेला बोलाव.”