कवठ कुठे आहे?

एका जंगलात एक हत्तीण राहत असे. काळजी करून करून ती इतकी वाळली होती, की लांबून म्हैस वाटे. खोटे वाटत असेल तर तिथल्या म्हशींना विचारा! काळजी होती पिल्लाची. त्याची सोंड त्याचे ऐकतच नसे. फांदी धरायला जावे, तर शेजाऱ्याचा कान सोंडेत येई. त्यात उन्हाळा तोंडावर आलेला. कळपातली म्हातारी आजी पिल्लांची परीक्षा घेई आणि पास होतील त्यांनाच पाण्याची लांबची वाट शिकवी. वाट ठाऊक नसलेले पिल्लू चुकले, तर तहानेने मरणार.

परीक्षा अशी : पाल्याचे तीन ढीग. वासाने कळू नये म्हणून तिन्हींना कवठाचा गर चोळलेला. आजी सर्वांदेखत एका ढिगाखाली कवठ लपवी आणि पिल्लाने ते काढायचे. बाकीच्यांनी पटापट काढले. या पिल्लाची सोंड मात्र डुलत डुलत धप्पकन भलत्याच ढिगावर पडली. पुन्हा तेच! "सोंड अशी, तर डोक्यात भुसाच असणार!" झाडावरचा कावळा ओरडला. आजी म्हणाली, "नाही गं बाई. याला वाट शिकवून काय उपयोग? लक्षात राहायची नाही."

पण हत्तिणीने एक पाहिले होते : सोंड कुठेही पडो, पिल्लाचे डोळे बरोबर ढिगावरच होते. ती चाचरत म्हणाली, "आजी, एकदा त्याच्या सोंडेकडे नका बघू. डोळ्यांकडे बघा."

"बरं. सगळ्यांनाच विचारते," आजी म्हणाली. या वेळी तिने कवठ ढिगात सरकवल्यासारखे केले आणि हळूच आपल्या मागच्या पायाआड ढकलले. "शोधा!" म्हणताच पिल्ले तुटून पडली. तिन्ही ढीग उधळले, पाला कावळ्याच्या अंगावर उडाला, पण कवठ नाही! ते एक पिल्लू जागचे हलले नाही. ते आजीच्या मागच्या पायाकडे टक लावून पाहत होते.

आजीने पाय बाजूला घेतला. "घे रे, तुझंच आहे. आणि उद्यापासून माझ्या शेजारून चालायचं." पिल्लाने कवठ उचलले, ते पडले. पुन्हा उचलले, ते घरंगळले. हत्तीण मदतीला धावली, तशी आजी गुरकावली, "खबरदार! त्याचं त्याला उचलू दे." मग अख्खा कळप सोंडा आवरून उभा राहिला. कावळ्यानेही चोच मिटली. उन्हे उतरता उतरता कवठ फुटल्याचा कटकन आवाज आला, तेव्हा कुठे हत्तिणीने श्वास सोडला.

तात्पर्य : हात अडखळतो म्हणून बुद्धीही अडखळते असे समजू नये, विचारण्याची रीत बदलावी आणि उत्तराची वाट पाहावी.